आधी ओलाव्याची हद्द, मग घराचा नकाशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. संरक्षित पाणथळ जागेला लागून असलेला एक भूखंड घरासाठी विकत घ्यायचा आहे. भूखंडाचा पुढचा भाग उंच आहे आणि मागचा भाग उतरत पाणथळीकडे जातो. विक्रेत्याचे म्हणणे असे की जमीन वर्षातले सात-आठ महिने कोरडीठाक असते, शेजारच्या दोन भूखंडांवर घरे उभी आहेत आणि त्या दोघांना स्थानिक संस्थेने रीतसर बांधकाम परवाना दिला आहे, तेव्हा अडचण येण्याचे काही कारण नाही. अशा ठिकाणी कोणकोणते परवाने लागतात आणि ते कोणत्या क्रमाने घ्यावेत?

घर बांधण्यापूर्वी जागेची तपासणी करणे आणि परवान्यांची प्रकरणे तयार करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की विक्रेत्याची तिन्ही विधाने खरी असू शकतात आणि तरीही त्यांपैकी एकाही विधानाच्या भरवशावर पैसे देऊ नयेत. नियम प्रत्येक देशात, बहुधा प्रत्येक गावातही वेगळे असतात. परंतु सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो आणि तो कोणत्या कार्यालयात जावे हा नसून ओलाव्याची हद्द नेमकी कुठे संपते हा असतो. ती रेषा जमिनीवर निश्चित होत नाही तोवर कोणते परवाने लागतील हे कोणताही अधिकारी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलेच तर त्या सांगण्याला कागदोपत्री किंमत नसते.

कोरडेपणाचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत जास्त लोक तिथेच फसतात. पाणथळ म्हणजे बारमाही पाणी साचलेली जागा ही समजूत चुकीची आहे. पाणी पृष्ठभागावर कधीच न दिसताही जमीन पाणथळ असू शकते. वनस्पतींच्या वाढीच्या हंगामात भूजलपातळी काही आठवडे मुळांच्या थरापर्यंत चढली तरी पुरते. अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाने १९८७ साली पाणथळ ओळखण्याची जी नियमपुस्तिका काढली तिच्यात तीन कसोट्या एकत्र तपासल्या जातात: पाण्याच्या खुणा, त्या पाण्यात तगणारी वनस्पती आणि त्या पाण्याने बदललेली माती. त्याच पद्धतीच्या पुढच्या तांत्रिक निकषानुसार वाढीच्या हंगामात सलग १४ दिवस पाणी जमिनीवर किंवा पृष्ठभागापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत राहिले आणि असे दहापैकी किमान पाच वर्षांत घडले, तर पाण्याची कसोटी पूर्ण होते. वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने तिथे धूळ उडत असली तरी फरक पडत नाही.

या तिघांपैकी माती हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. अशाच एका भूखंडावर ऐन कोरड्या दिवसांत मी गेलो होतो. वरची जमीन भेगाळलेली होती आणि मालक पायाने ढेकूळ फोडून कोरडेपणा दाखवत होते. उतार जिथे संपत होता तिथे आम्ही फावड्याने गुडघाभर खोल खड्डा घेतला. वरचा वीतभर थर तपकिरी होता. त्याखालचे ढेकूळ हातात घेऊन मोडले तर आतला रंग राखेसारखा करडा, किंचित निळसर निघाला आणि त्या करड्या रंगातून मुळांच्या बारीक पोकळ्यांभोवती गंजासारख्या तांबूस रेघा गेलेल्या दिसल्या. मातीला तांबूस-तपकिरी रंग लोहामुळे येतो. माती पाण्याने भरून राहिली की तिच्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू लोहाचे विद्राव्य रूपात रूपांतर करतात, ते पाण्याबरोबर हलते आणि माती करडी पडते. मुळांच्या वाटेने थोडी हवा आत पोचते तिथे तेच लोह पुन्हा गंजते. हे रंग एका कोरड्या ऋतूत पुसले जात नाहीत. मातीचे रंग ओळखण्यासाठी वापरतात त्या मन्सेल रंगतक्त्याशी ते ढेकूळ ताडून पाहिले तेव्हा मालक गप्प झाले, कारण त्यांनी घराचे जोते जिथे आखले होते ती जागा त्या खड्ड्यापासून चार पावलांवर होती.

म्हणून पहिला खर्च वास्तुविशारदावर नव्हे, तर पाणथळीचे सीमांकन करणाऱ्या तज्ज्ञावर करावा. तो उंच भागापासून ओल्या भागाकडे ओळीने खड्डे घेतो, प्रत्येक ठिकाणच्या वनस्पती आणि माती नोंदवतो आणि जिथे कसोट्या पूर्ण होऊ लागतात तिथे खुणेच्या झेंड्या रोवतो. मग भूमापक त्या झेंड्या मोजून नकाशावर रेषा उतरवतो. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वनस्पतींची पाहणी वाढीच्या हंगामातच नीट होते, त्यामुळे हे काम कोणत्याही महिन्यात उरकता येत नाही. आणि तज्ज्ञाने काढलेली रेषा हे केवळ त्याचे मत असते. संबंधित यंत्रणेने जागेवर येऊन ती मान्य केली आणि तसे लेखी दिले म्हणजेच ती हद्द ठरते. अशा मान्यतेलाही मुदत असते. अमेरिकेत अभियंता दलाचा अधिकृत निर्णय साधारणपणे ५ वर्षे ग्राह्य धरला जातो. विक्रेता जुना सीमांकन नकाशा दाखवत असेल तर त्यावरची तारीख आधी पाहावी.

हद्द ठरली की तिच्या बाहेर पाणथळीच्या रक्षणासाठी ठेवलेला राखीव पट्टा मोजायचा. हा पट्टा पाण्याच्या काठापासून मोजतात असे समजून अनेक जण नकाशा काढतात आणि पहिल्याच छाननीत तो परत येतो. कुठून मोजायचे हे कायदा सांगतो आणि प्रत्येक कायदा वेगळे सांगतो. भारतात २०१७ च्या पाणथळ नियमांनी, मागील दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायम स्वरूपाच्या बांधकामाला मनाई केली आहे. म्हणजे तिथे रेषा पूरपातळीवरून येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पाणथळीच्या कडेपासून १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटरच्या पट्ट्यात काही करायचे तर आधी अर्ज करावा लागतो. तिथे पट्टा हा सरसकट मनाईचा नसून छाननीचा आहे. न्यू जर्सी राज्याच्या १९८७ च्या कायद्यात पट्ट्याची रुंदी पाणथळीच्या दर्जावर ठरते: अतिमहत्त्वाच्या जागेला १५० फूट, मध्यम दर्जाच्या जागेला ५० फूट आणि सामान्य जागेला काहीच नाही. तुमच्या भूखंडाबाबत विचारायचे नेमके प्रश्न यातूनच निघतात: पट्टा कोणत्या रेषेपासून मोजायचा, तो मनाईचा आहे की परवानगीचा, आणि स्थानिक नियमांत त्याहून रुंद पट्टा सांगितला आहे का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. राज्याच्या कायद्यात एक अंतर असते आणि गावाच्या नियमावलीत त्याहून अधिक असते, असे सर्रास आढळते.

आता शेजारच्या घरांच्या परवान्याविषयी. बांधकाम परवाना देणारी स्थानिक संस्था आराखडा, सामासिक अंतरे (भूखंडाच्या कडेपासून मोकळी सोडायची जागा), उंची आणि इमारतीची मजबुती पाहते. पाणथळीवरचा अधिकार बहुधा दुसऱ्याच यंत्रणेकडे असतो आणि पहिल्या संस्थेने परवाना दिला म्हणून दुसरीची परवानगी मिळाली असे होत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण कोचीजवळच्या मरडूचे आहे. वेंबनाड जलक्षेत्राच्या काठावरील चार निवासी संकुलांना तिथल्या पंचायतीने २००६ साली परवाने दिले होते. किनारा नियमन क्षेत्रासाठी लागणारी राज्य प्राधिकरणाची परवानगी मात्र घेतलेली नव्हती. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, आणि मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी चारही संकुले स्फोटकांनी जमीनदोस्त झाली. तिथे घर घेतलेल्या प्रत्येकाला आपल्या इमारतीकडे परवाना आहे असेच वाटत होते. शेजाऱ्यांचे बांधकाम नियम येण्यापूर्वीचे असेल, त्यांच्या भूखंडावर हद्द वेगळीकडून जात असेल किंवा त्यांच्यावर कारवाई अजून व्हायची असेल. यांपैकी कोणत्याही शक्यतेत त्यांचा परवाना तुमच्या उपयोगाचा नाही.

याच्या उलट टोकाची चूकही होते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात प्रीस्ट लेकजवळ घर बांधण्यासाठी एका जोडप्याने २००७ साली भूखंडावर खडी-मातीचा भराव टाकायला सुरुवात केली आणि केंद्रीय पर्यावरण संस्थेने तो काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ साली अशा आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते एवढेच ठरले. २०२३ साली न्यायालयाने असे ठरवले की नदी-सरोवरासारख्या जलाशयाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळीच केंद्रीय कायद्याखाली येतात. जोडपे जिंकले, पण भराव टाकल्यापासून त्याला १६ वर्षे लागली. या निकालानंतर अनेकांनी असा सोयीस्कर अर्थ काढला की आता पाणथळीवर बांधायला मोकळीक आहे. निकालाने केंद्राचा अधिकार आक्रसला. राज्यांचे आणि गावांचे नियम जिथल्या तिथे राहिले. वरचा थर सैल झाला तरी खालचे थर कायम असतात, हे कोणत्याही देशातील मालकाने लक्षात घ्यावे.

पाणथळ ‘संरक्षित’ आहे म्हणजे नेमके काय, हेही याच टप्प्यावर लेखी विचारून घ्यावे. इराणमधील रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ती असेल तर तिची कीर्ती मोठी, परंतु तो करार तुमच्या भूखंडाला थेट परवाना देत नाही की नाकारत नाही. बंधन येते ते त्या देशाने केलेल्या कायद्यातून. अभयारण्य, पूरक्षेत्र, किनारा नियमन किंवा स्थानिक विकास आराखड्यातील राखीव विभाग यांपैकी एक किंवा अनेक शिक्के एकाच जमिनीवर असू शकतात आणि प्रत्येक शिक्क्याचा परवाना वेगळा असतो.

क्रमाचा प्रश्न आता सोपा होतो. हद्द मान्य करून घेतल्यावर, नकाशा काढण्यापूर्वी, सर्व संबंधित कार्यालयांबरोबर अर्जपूर्व बैठक मागावी आणि जाताना फक्त भूमापकाचा नकाशा आणि कागदाचा कापलेला घराचा ठसा न्यावा. हा ठसा नकाशावर सरकवत बसल्याने जेवढे प्रश्न सुटतात तेवढे पाच पत्रांनी सुटत नाहीत. त्यानंतर पाणथळीची परवानगी, मग सांडपाण्याची, मग पूरक्षेत्र असल्यास जोत्याच्या पातळीची, आणि सर्वांत शेवटी बांधकाम परवाना. बरेच लोक हे उलटे करतात: आधी सुंदर नकाशा, मग बांधकाम परवाना, मग पाणथळ. अशा वेळी प्रत्येक पायरीवर घर दोन मीटर पुढे सरकते आणि वास्तुविशारदाचे मानधन दर वेळी नव्याने द्यावे लागते.

सांडपाण्याला मी मुद्दाम दुसरे स्थान दिले आहे. जिथे सार्वजनिक मलवाहिनी नाही तिथे घर होणार की नाही हे भिंतींवरून नव्हे, तर सेप्टिक टँकमधले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पाझर क्षेत्रावरून ठरते. पाझर क्षेत्राचा तळ आणि भूजलाची ओल्या ऋतूतली सर्वोच्च पातळी यांच्यात कोरड्या मातीचा ठराविक थर असावा लागतो, कारण जंतूंचा नायनाट त्या थरातच होतो. पाणथळीजवळ नेमका हाच थर मिळत नाही. त्यावर उंच ढिगाऱ्यातील पाझर क्षेत्र किंवा यांत्रिक शुद्धीकरण असे उपाय आहेत. पण ते जागा आणि पैसा दोन्ही खातात, आणि त्या ढिगाऱ्यालाही पाणथळीपासून अंतर सोडावे लागते. लहान भूखंडावर राखीव पट्टा, पाझर क्षेत्र, विहिरीपासूनचे अंतर आणि सामासिक अंतरे वजा केली तर घरासाठी कधीकधी गाडी उभी करण्याएवढीच जागा उरते. पाणी मुरण्याची चाचणी कोरड्या ऋतूत करून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. आकडे गोड येतात आणि टाकी पहिल्याच ओल्या ऋतूत उलटते.

सांडपाण्याचा परिणाम भूखंडाच्या हद्दीत थांबत नाही हे इंग्लंडमध्ये लख्खपणे दिसले. सॉमरसेट लेव्हल्स अँड मूअर्स या रामसर स्थळात फॉस्फेट प्रमाणाबाहेर गेले असल्याने २०२० साली नॅचरल इंग्लंड या शासकीय संस्थेने स्थानिक संस्थांना तसा सल्ला दिला आणि पाणथळीपासून कित्येक किलोमीटर दूर, परंतु तिच्या पाणलोट क्षेत्रात असलेल्या घरांचे परवानेही अडकले. नव्या घरातून जेवढे फॉस्फेट येईल तेवढे दुसरीकडे कमी करून दाखवा, अशी तिथली अट आहे. म्हणून ‘आपली जागा काठावर नाही’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

अर्जातले मुख्य तत्त्व जवळपास सगळीकडे सारखे आहे: आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, आणि तरीही उरले तर भरपाई करा. अर्जदार बहुधा थेट भरपाईवर उडी मारतात, ‘दुसरीकडे झाडे लावून देतो’ म्हणतात. अशा अर्जाकडे छाननी करणारा संशयाने पाहतो आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण शेकडो वर्षांत घडलेली ओली माती कंत्राट देऊन दोन वर्षांत तयार होत नाही. घर लहान केले, पुढच्या रस्त्याकडे सरकवले, वाहनाची वाट आखूड केली, हे आधी करून दाखवावे आणि नाकारलेले पर्याय नकाशांसह जोडावेत. मी तयार केलेल्या प्रकरणांत जी विनाहरकत मंजूर झाली त्यांत बहुधा तीन-चार नाकारलेले पर्याय सर्वांत पुढे जोडलेले होते.

नकाशात केवळ घर दाखवून भागत नाही. भूखंडात शिरण्याची वाट ओल्या पट्ट्यातून जात असेल तर घर कितीही दूर असले तरी तिच्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते आणि वाटेखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोरीचा आकार तपासला जातो. पाणी, वीज आणि मलवाहिनीच्या चरांचे असेच आहे, पण त्यांच्याकडे फार कमी लोक पाहतात. चरात नळाखाली खडी अंथरतात. ती खडी जमिनीखालचे पाणी ओढून नेणारी वाट बनते आणि पाणथळीला कोणी हात न लावताही ती हळूहळू आटते. यासाठी चरात ठराविक अंतराने घट्ट चिकणमातीचे आडवे बांध घालतात. नकाशावर ते आधीच दाखवले तर छाननी करणाऱ्याला तुम्हाला विषय कळला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तळघराचा विचार मात्र सोडूनच द्यावा. भूजलाच्या पातळीखाली तळघर म्हणजे आयुष्यभर पंप, आणि पंपाने उपसलेले पाणी कुठे सोडायचे याचा आणखी एक परवाना. पायाखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, स्पंजासारखी माती निघाली तर तिच्यावर भराव टाकून जोते बांधणे म्हणजे घर एका बाजूने खचण्याची सोय करणे होय. अशा ठिकाणी कठीण थरापर्यंत पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घ्यावे लागतात आणि त्यांच्या खर्चानंतर स्वस्तात मिळालेला भूखंड स्वस्त राहत नाही.

जिथे जनसुनावणी असते तिथे शेजाऱ्यांना सुनावणीतच पहिल्यांदा भेटू नये. पाणी आपल्याकडे वळेल ही त्यांची भीती बहुधा खरी असते. छताचे आणि अंगणाचे पाणी कुठे मुरवणार हे नकाशा पसरून आधी समजावले तर निम्मे आक्षेप तिथेच मिटतात.

परवानगी मिळाली की ती अटींसह मिळते आणि त्या अटी वाचणे हे ठेकेदाराचे नव्हे, मालकाचे काम आहे. यंत्र जागेवर येण्यापूर्वी कामाची मर्यादा दाखवणारी रेषा आखून गाळ अडवणारे कापडी कुंपण उभे करावे आणि त्याची खालची कड जमिनीत पुरलेली आहे हे स्वतः पाहावे. वरवर टेकवलेल्या कुंपणाखालून पहिल्या पावसातच गाळ निघून जातो. पक्ष्यांच्या विणीच्या काळात काम बंद ठेवण्याची अट असू शकते आणि तिच्यामुळे वेळापत्रक महिनोन्महिने पुढे जाते. परवानगी येण्यापूर्वी ‘नुसते गवत काढतो’, ‘नुसता मुरूम टाकून वाट करतो’ असे काहीही करू नये. भराव हा बहुतेक कायद्यांत स्वतंत्र गुन्हा असतो, आणि आधीच्या मालकाने टाकलेला बेकायदा भराव काढण्याची जबाबदारीही अनेक ठिकाणी जमिनीबरोबर नव्या मालकाकडे येते. तुमच्या भूखंडाचा पुढचा उंच भाग मुळात नैसर्गिक आहे की भरावाचा, हे म्हणूनच खड्डा घेऊन पाहा. भरावाखाली गाडलेला जुना काळा थर आणि त्याखालची करडी माती सहज ओळखू येते.

काम संपल्यावर पूर्तता प्रमाणपत्र घ्यायला विसरू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये अटींचा आदेश, म्हणजे पाणथळीजवळच्या कामाची सशर्त परवानगी, ३ वर्षांसाठी असतो आणि तो जमिनीच्या दस्तांत नोंदवावा लागतो; पूर्तता प्रमाणपत्राची नोंद होईपर्यंत तो बोजासारखा राहतो आणि घर विकायला काढल्यावर वकील पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवतो. इतरत्रही भोगवटा प्रमाणपत्र आणि पाणथळ परवानगीची पूर्तता ही दोन वेगळी कागदपत्रे असतात.

राहिला तुमचा करार. विक्रेत्याशी बोलून खरेदी सशर्त करून घ्या: सीमांकन यंत्रणेकडून मान्य झाले, राखीव पट्टा वगळून घराला आणि पाझर क्षेत्राला पुरेशी जागा उरली आणि दोन्ही परवानग्या मिळाल्या तरच उरलेली रक्कम द्यायची, अन्यथा विसार परत. मुदत एक पूर्ण ओला ऋतू सामावेल इतकी ठेवा. जमिनीबद्दल खात्री असलेल्या विक्रेत्याला या अटीची सहसा अडचण वाटत नाही. तो घाई करू लागला, तर एक फावडे घेऊन उताराच्या पायथ्याशी जा आणि त्याच्यासमोरच गुडघाभर खड्डा घ्या.